पारपत्राचा कापलेला कोपरा

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला धरमपेठेत ताईकडे गेलो होतो. वीस वर्षांपूर्वी शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेला माझा भाचा या वेळी मुद्दाम दिवाळी साधून आला होता. मेहुण्यांच्या निधनानंतरची ही दुसरी दिवाळी. ताईने ओवाळले, फराळ झाला आणि मग भाच्याने आतल्या खोलीतून तीन पुस्तिका आणून माझ्यासमोर ठेवल्या. एक अमेरिकेचे नवे कोरे पारपत्र. दुसरी ओ.सी.आय. म्हणून ओळखली जाणारी, 'विदेशस्थ भारतीय नागरिक' असे नाव धारण करणारी पुस्तिका. आणि तिसरे त्याचे जुने भारतीय पारपत्र. त्यावर रद्द झाल्याचा शिक्का होता आणि त्याचा एक कोपरा कात्रीने कापलेला होता.

"मामा, तुम्ही इतकी वर्षे लिहिता. मला एवढेच सांगा, मी कोणता गुन्हा केला? नवे घर बांधले म्हणून जुन्या घराच्या सातबाऱ्यावरून कोणी आपले नाव कमी करून घेतो का? इंग्लंड आपल्या माणसाला दोन पारपत्रे ठेवू देते, कॅनडा देते, ऑस्ट्रेलिया देते. मग माझ्याच देशाने माझ्या पारपत्राला कात्री का लावावी?"

ताई काही बोलली नाही. तिने ते कापलेले पारपत्र उचलले, पदराने पुसले आणि कपाटात त्याच्या जन्माच्या दाखल्याशेजारी ठेवून दिले. त्या क्षणी मला भाच्याला उत्तर देता आले नाही. प्रश्न भावनेने विचारलेला होता आणि त्याला कायद्याचे कलम वाचून दाखविणे हे उत्तर होऊ शकत नव्हते. परंतु हा प्रश्न एकट्या ताईच्या घरचा नाही. धरमपेठ, रामदासपेठ, प्रतापनगर, किंबहुना नागपुरातील कोणत्याही मध्यमवर्गीय वस्तीत फिरावे. दर चार-सहा घरांआड एका घरात वृद्ध आई-वडील आणि भिंतीवर परदेशस्थ नातवंडांचे छायाचित्र आढळते. त्या प्रत्येक घरात हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे. म्हणून त्याचा विचार शांतपणे आणि मुळापासून केला पाहिजे.

शासनाने संसदेत दिलेली आकडेवारीच पाहावी. २०११ मध्ये १,२२,८१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडले. २०२२ मध्ये ही संख्या २,२५,६२० झाली. २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८ जणांनी हीच वाट धरली. हे लोक कोणी परागंदा झालेले नव्हेत. बहुतांशी आपल्याच शाळा-महाविद्यालयांतून शिकलेले, आपल्याच घरांतून गेलेले हे तरुण आहेत.

घटनाकारांची डोकेदुखी

दुहेरी नागरिकत्वास आपल्याकडे असलेला नकार हा कोणा नोकरशहाच्या हटवादातून आलेला नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीपुढे नागरिकत्वाची कलमे आली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्टच सांगितले होते की, एखादे दुसरे कलम वगळता मसुदा समितीला इतकी डोकेदुखी अन्य कोणत्याही कलमाने दिली नाही. आणि ते स्वाभाविकच होते. देशाचे तुकडे होऊन दोनच वर्षे झाली होती. लक्षावधी माणसे सरहद्द ओलांडून येत होती, काही जात होती, काही जाऊन परत येत होती. कोण आपला आणि कोण परका, हा प्रश्न त्या काळी ग्रंथातला नव्हता. तो निर्वासितांच्या छावणीतला प्रश्न होता.

त्या मंथनातून घटनेचे नववे कलम आले. ज्याने स्वेच्छेने परकीय राष्ट्राचे नागरिकत्व स्वीकारले आहे, तो भारताचा नागरिक राहणार नाही, असे त्याने सांगितले. घटना लागू होण्यापूर्वीच्या काळासाठी हे कलम होते. त्यानंतरच्या काळासाठी १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने तेच तत्त्व कायम केले. परकीय पारपत्र घेणे हा परकीय नागरिकत्व स्वीकारल्याचा निर्णायक पुरावा मानावा, असा नियम झाला आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. यातील 'स्वेच्छेने' हा शब्द महत्त्वाचा आहे. राष्ट्र आपणहून कोणाला घराबाहेर काढीत नाही. माणूस स्वतः दुसऱ्या घरचा होतो, तेव्हा कायदा त्याची नोंद घेतो, इतकेच.

२००३ ची घोषणा आणि प्रत्यक्ष कायदा

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रस्तुत लेखकही एकेकाळी भाच्याच्याच बाजूचा होता.

वाचकांना स्मरत असेल, २००० मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांच्या शासनाने डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखाली विदेशस्थ भारतीयांविषयी उच्चस्तरीय समिती नेमली. जानेवारी २००२ मध्ये तिचा अहवाल आला. तीत दुहेरी नागरिकत्वाची शिफारस होती. गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून ९ जानेवारी १९१५ रोजी मायदेशी परतले, त्या दिवसाचे स्मरण म्हणून ९ जानेवारी २००३ रोजी दिल्लीत पहिला प्रवासी भारतीय दिवस भरला आणि त्या व्यासपीठावरून अटलजींनी काही देशांतील भारतीय वंशाच्या लोकांना दुहेरी नागरिकत्व देण्याची घोषणा केली. त्या रात्री वृत्तपत्राच्या कार्यालयात ती बातमी हाताळताना मला जो आनंद झाला होता, तो आजही आठवतो. शतकभर विखुरलेले कुटुंब एका छपराखाली येणार, अशीच आमची भावना होती.

पुढे काय झाले? डिसेंबर २००३ मध्ये संसदेने नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती केली. प्रारंभी ती १६ देशांतील भारतीय वंशीयांपुरती होती. २००५ मध्ये पाकिस्तान व बांगलादेश वगळता अन्य देशांसाठी दार उघडले आणि योजना प्रत्यक्षात आली. २०१५ मध्ये जुनी पी.आय.ओ. कार्डाची योजनाही तीत विलीन झाली. २०२२ च्या आरंभापर्यंत ४० लाखांहून अधिक कार्डे दिली गेली होती. परंतु कायद्याच्या सातव्या कलमाच्या पोटात काय आहे, हे फार थोड्यांनी वाचले. या कार्डधारकाला मताधिकार नाही. तो लोकसभा, राज्यसभा वा विधिमंडळाचा सदस्य होऊ शकत नाही. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, सर्वोच्च वा उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होऊ शकत नाही. शासकीय सेवेत समान संधीचा हक्क त्याला नाही. म्हणजे नाव 'नागरिक', पण नागरिकत्वाचा गाभा त्यात नाही. ही योजना म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, असा खुलासा शासनालाच पुढे करावा लागला.

याला फसवणूक म्हणावे काय? माझ्या मते नाही. घोषणा करताना मन बोलते, कायदा लिहिताना विवेक बोलतो. त्या दुरुस्तीचा मसुदा करताना आपल्या शासनकर्त्यांच्या ध्यानात आले की, आपलेपणा वाटून देता येतो, सार्वभौमत्व वाटून देता येत नाही. चूक झाली ती नाव ठेवण्यात. जे बंधुत्व होते, त्याला नागरिकत्व म्हटले गेले. माझ्या भाच्याच्या मनातील निम्मा कडवटपणा त्या एका शब्दाने निर्माण केला आहे.

शपथ कोणी घेतली?

मी भाच्याला एक प्रश्न विचारला. "अमेरिकेचे नागरिकत्व घेताना तू हात वर करून काय म्हणालास?" तो थोडा थबकला. अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ जगजाहीर आहे. ज्या परकीय राजाचा वा राष्ट्राचा मी आजवर नागरिक वा प्रजाजन होतो, त्याच्याविषयीच्या सर्व निष्ठा मी पूर्णपणे सोडतो, असा तिचा आशय आहे. कायद्याने सांगितल्यास त्या देशासाठी शस्त्र धारण करण्याचे वचनही तीत आहे. आता सांगावे, ती कात्री प्रथम कोणी चालविली? आपल्या वकिलातीतील कारकुनाने तर केवळ कागदाचा कोपरा कापला. भारताने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढेच भारताने केले. अमेरिका अशी शपथ घेऊनही जुन्या पारपत्राकडे काणाडोळा करते, हा तिच्या व्यवहाराचा भाग झाला. शपथेचा अर्थ तोंडाने एक आणि मनात दुसरा ठेवावा, हे आपल्या संस्कारात बसत नाही.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला जवळचा दाखला आहे तो दत्तकविधानाचा. जुन्या हिंदू धर्मशास्त्रात 'द्व्यामुष्यायण' नावाचा एक दत्तक प्रकार होता. दत्तक गेलेला मुलगा दोन्ही पित्यांचा मानला जाई. दोघांचे पिंडदान करी, दोघांचा वारसा घेई. आजच्या भाषेत ते दुहेरी नागरिकत्वच म्हणायचे. परंतु १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तकाचे जन्मकुळाशी असलेले नाते कायद्यापुरते संपते, असा स्पष्ट नियम केला. त्याच कायद्याने दोन गोष्टी मात्र राखल्या. दत्तक जाण्यापूर्वी जी मालमत्ता त्याच्या नावे आली असेल, ती त्याचीच राहते. आणि जन्मकुळात ज्या नात्यांत विवाह निषिद्ध होता, तो दत्तक गेल्यावरही निषिद्धच राहतो. म्हणजे हक्क आणि कर्तव्ये एका घरी गेली, तरी रक्त विसरले गेले नाही. ओ.सी.आय. हा नेमका असाच उपाय आहे. निष्ठा एका घरी, नाते दोन्ही घरी.

आणि सातबाऱ्याचे म्हणाल तर भाच्याचा तो आक्षेप वस्तुस्थितीला धरून नाही. काटोलजवळ मेहुण्यांची संत्र्याची बाग होती. ती वारसाहक्काने आईबरोबर त्याच्याही नावे लागू शकते. परदेशी नागरिक झाला म्हणून त्याचा वारसा बुडाला नाही. शहरात घर घ्यायचे तर त्याला अडचण नाही. शेजारची पाच एकर शेतजमीन मात्र त्याला विकत घेता येणार नाही. पण ही मर्यादा भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या अनिवासी भारतीयालाही तशीच आहे. थोडक्यात, त्याचे नाव कमी झाले आहे ते मतदार यादीतून; सातबाऱ्यावरून नव्हे. हा भेद लहान नाही आणि तोच समजून घ्यायचा आहे.

गोव्याचा धडा

निष्ठा धूसर राहिली की काय होते, हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्या शेजारी गोवा आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यासाठी सत्याग्रहींनी गोळ्या झेलल्या, आग्वादच्या तुरुंगात वर्षे काढली. मार्च १९६२ च्या आदेशाने गोवेकर भारताचे नागरिक झाले. पोर्तुगालने मात्र गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व १९७४ च्या अखेरीस झालेल्या तहानेच मान्य केले. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना आपली जन्मनोंद लिस्बनमध्ये करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळविण्याची मुभा त्या देशाचा कायदा देतो. सहस्रावधी गोवेकरांनी ती घेतली. पोर्तुगालमध्ये राहण्यासाठी घेणारे त्यांत थोडे. ब्रिटन युरोपीय संघात होता तोवर त्या पारपत्रावर स्विंडनसारख्या इंग्लंडमधील गावी काम मिळत असे, हे त्याचे खरे कारण.

या तरुणांना देशद्रोही म्हणणे अन्यायाचे होईल. पोटासाठी माणूस समुद्र ओलांडतो. कोकणाने आणि गोव्याने ते पिढ्यान् पिढ्या केले आहे. परंतु लिस्बनमध्ये केवळ जन्मनोंद केली आणि पारपत्र घेतले नाही, तर तो माणूस भारतीय राहिला की पोर्तुगीज झाला? हा प्रश्न गोव्यात वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. लोकप्रतिनिधींच्या नागरिकत्वावरून तक्रारी झाल्या, प्रकरणे न्यायालयात गेली. कायद्याप्रमाणे असा निर्णय करण्याचा अधिकार केंद्र शासनाचा आहे आणि तेथे कागद वर्षे वर्षे पडून राहिले. एका बाजूला मतदानाचे ओळखपत्र आणि दुसऱ्या बाजूला लिस्बनच्या नोंदवहीत नाव, अशा अवस्थेत माणसाला स्वतःलाच आपण कोण हे सांगता येत नाही. यात सर्वाधिक हानी होते ती त्याच सामान्य कुटुंबाची. एके दिवशी त्याचे भारतीय पारपत्र रद्द होते आणि गावच्या घरी यायचे तर कोणत्या कागदावर यायचे, असा प्रश्न पडतो. कठोर पण स्पष्ट कायदा हा संदिग्ध दयेपेक्षा अधिक दयाळू असतो, हे गोव्याने शिकविले आहे.

निर्णय कोणाचे, परिणाम कोणाला?

दुहेरी नागरिकत्वाच्या पुरस्कर्त्यांचा एक युक्तिवाद मात्र वजनदार आहे. तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, आजचे जग जोडलेले आहे. जर्मनीसारख्या देशानेही जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला सरसकट मान्यता दिली. मग भारताने मागे का राहावे?

याचे उत्तर नागरिकत्वाच्या अर्थात आहे. नागरिकत्व म्हणजे विमानतळावरील वेगळी रांग नव्हे. मत देणे आणि त्या मताचे परिणाम भोगणे, या दोहोंची ती सांगड आहे. महागाई वाढली, पाऊस पडला नाही, सीमेवर युद्ध झाले, तर त्याची झळ ज्याच्या घराला लागते, त्यानेच शासन निवडावे, हे लोकशाहीचे साधे सूत्र आहे. जो निर्णयात भागीदार, पण परिणामांत पाहुणा, त्याचे मत कितीही सदिच्छेचे असले तरी शेजारच्या शेतात काय पेरावे हे सांगण्यासारखे आहे.

भारतीय पारपत्र राखून परदेशी राहणाऱ्या अनिवासी भारतीयांना २०१० च्या दुरुस्तीने मताधिकार मिळाला आहे. अट एवढीच की, प्रत्यक्ष येऊन मत द्यावे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत असे १,१९,३७४ मतदार नोंदलेले होते. त्यांपैकी मतदान केले २,९५८ जणांनी आणि त्यांतील २,६७० एकट्या केरळमधील. विमानाचे भाडे आणि रजा यांचा विचार करता त्यांना दोष देता येत नाही. परंतु या आकड्यांवरून एवढे तरी दिसते की, अंतराचा परिणाम होतोच. नातेवाईकांची ओढ हजारो मैल टिकते. नागरिकाचे नित्य कर्तव्य मात्र तितक्या अंतरावरून पार पाडणे कठीण असते.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण बोलके आहे. त्या देशाने २००२ पासून आपल्या नागरिकांना दुसरे नागरिकत्व राखण्यास अनुमती दिली. परंतु त्याच देशाची घटना दुसऱ्या राष्ट्राच्या नागरिकाला संसदेत बसू देत नाही. २०१७-१८ मध्ये त्यावरून जो गदारोळ झाला, त्यात उपपंतप्रधानांसह पंधरा खासदारांची पदे गेली. म्हणजे दुहेरी नागरिकत्व देणाऱ्यांनाही शेवटी कोठेतरी रेघ ओढावीच लागते. आपण ती रेघ उंबरठ्यावरच ओढली आहे. सात शेजारी देशांशी भूसीमा असलेल्या, फाळणीचे घाव सोसलेल्या आणि सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशाला ती तेथेच ओढणे इष्ट आहे, असे आज माझे मत आहे.

नागपूरच्या एका सुपुत्राला विचारलेला व्हिसा

इथवरचे विवेचन वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की, ज्याने पारपत्र बदलले त्याचे देशप्रेम संपले. या निष्कर्षाला माझा ठाम विरोध आहे आणि त्यासाठी नागपूरकरांना डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे स्मरण करून देतो.

वर्ध्याला जन्मलेला, नागपुरात शिकलेला हा तरुण देश स्वतंत्र करण्याच्या ध्यासाने परदेशी गेला. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, गदर चळवळीच्या उभारणीत सहभागी झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणच्या वाळवंटात इंग्रजांशी लढण्याचे साहस त्याने केले. पुढे १९२४ च्या सुमारास तो मेक्सिकोस पोहोचला आणि तेथे चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला. मक्याच्या सुधारित वाणांवर त्याने काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उघडल्या. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्याला भाकरी वाटणाऱ्याच्या रूपात रंगविले. आणि देश स्वतंत्र झाल्यावर हा क्रांतिकारक मायभूमीकडे यावयास निघाला, तेव्हा काय घडले? इंग्रजांनी घातलेली बंदी दप्तरात तशीच होती. स्वतंत्र भारताने प्रथम त्यांना व्हिसा नाकारला! पुढे ती चूक दुरुस्त झाली. ते परतले, नागपुरात स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी येथेच त्यांनी देह ठेवला. मेक्सिकोने त्यांची आठवण ठेवली. नागपुरातल्या किती शाळांतील मुलांना त्यांचे नाव ठाऊक आहे?

ज्याने देशासाठी आयुष्य वेचले त्याच्या हाती देशात शिरण्याचा कागद नव्हता, आणि ज्यांच्या हाती कागद होता त्यांतील कित्येकांनी देशासाठी बोटही हलविले नव्हते. कागद निष्ठेची नोंद ठेवतो. प्रेमाचे मोजमाप त्याला करता येत नाही. म्हणून परदेशी नागरिक झालेल्या मुलाला 'गेला बिचारा डॉलरच्या मागे' असे हिणवणाऱ्यांनी स्वतःच्या अंतःकरणात डोकावून पाहावे. येथे राहून कर बुडविणारा नागरिक आणि तेथे राहून गावच्या शाळेला मदत पाठविणारा परदेशी, यांतील देशाच्या अधिक उपयोगाचा कोण, याचे उत्तर कठीण नाही.

परतीची वाट

देशाने दुहेरी नागरिकत्व नाकारणे योग्य असेल, तर त्याबरोबर शासनावर आणि समाजावर काही कर्तव्येही येतात. नकार देणाऱ्याने आपले दार कोणते उघडे आहे, हे तरी स्पष्ट सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट नावाची. 'विदेशस्थ भारतीय नागरिक' हे नाव बदलावे. नागरिक नसलेल्याला नागरिक म्हणणे हा त्याचाही आणि शब्दाचाही अपमान आहे. भारतवंशी, स्वजन, असा कोणताही खरा शब्द चालेल.

दुसरी गोष्ट विश्वासाची. मार्च २०२१ मध्ये शासनाने एका अधिसूचनेद्वारे या कार्डधारकांचे हक्क नव्याने ठरविले. वैद्यकीयसारख्या प्रवेशपरीक्षांत त्यांच्या मुलांना अनिवासी भारतीयांसाठीच्या जागांपुरते मर्यादित केले. येथे वाढलेल्या, येथेच शिकलेल्या अनेक मुलांची स्वप्ने त्यामुळे अधांतरी आली. अखेर फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम पूर्वी कार्ड घेतलेल्यांना लावता येणार नाही, पुढील काळासाठीच तो लागू होईल, असा निर्णय दिला. परदेशी नागरिकांच्या मुलांनी येथील जागा किती घ्याव्यात, हे ठरविण्याचा राष्ट्राला अधिकार आहेच. पण दिलेला शब्द मागील तारखेपासून फिरवणे हे कुटुंबप्रमुखाला शोभत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट परतीची. नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमात एक तरतूद आहे, जी परदेशस्थ मुलांच्या फारच थोड्या पालकांना ठाऊक असते. जो पाच वर्षे ओ.सी.आय. कार्डधारक आहे आणि अर्ज करण्यापूर्वी बारा महिने भारतात राहिला आहे, तो पुन्हा भारताचे नागरिकत्व मागू शकतो. अर्थात दुसरे नागरिकत्व सोडून. म्हणजे कोपरा कापला, तरी दार बंद झालेले नाही. ही वाट शासनाने ठळकपणे सांगावी आणि तिच्यावरील कागदांचे काटे दूर करावेत.

ही वाट का मोकळी हवी, ते इतिहास सांगतो. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना त्या देशाचे नागरिक होण्यास अपात्र ठरविले आणि पूर्वी दिलेली नागरिकत्वेही काढून घेतली गेली. पेशावरहून गेलेले वैष्णोदास बगाई हे सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी अमेरिकेचे नागरिक झाले होते. ते नागरिकत्व गेले, मालमत्ता गेली, भारतात येण्यासाठी अमेरिकेचे पारपत्रही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्या वेळी भारत परतंत्र होता. त्यांच्यासाठी उघडे असलेले स्वतःचे घरच नव्हते. आज ते आहे. जगाचे वारे केव्हा फिरेल, कोण सांगावे! उद्या एखाद्या देशाने आपल्या माणसाला दार दाखविले, तर त्याला येथे रांगेत ताटकळत ठेवण्याची वेळ येऊ नये.

समाजाचेही काही कर्तव्य आहेच. गणेशोत्सवाच्या देणगीसाठी ज्यांची आठवण होते, त्यांच्या येथील वृद्ध आईला औषध आणून देण्यासाठीही कोणी शेजारी असावा. मूल परदेशी नागरिक झाले म्हणून आई परदेशी होत नाही.

भाऊबीजेच्या त्या संध्याकाळी मी हे सारे भाच्यापुढे थोडक्यात मांडले. त्याचे समाधान झाले, असे म्हणता येणार नाही. तो हसून म्हणाला, "म्हणजे मामा, मी या देशाची सासरी गेलेली मुलगी. माहेरी यायचे, जेवायचे, पण घरात काय चालावे ते बोलायचे नाही. पण २००५ च्या कायद्याने मुलींनाही वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला. त्याचे काय?"

युक्तिवाद बिनतोड होता. उत्तर मात्र माझ्याआधी ताईनेच दिले. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या घरून सासरी गेलेली माझी बहीण म्हणाली, "वाटा मिळाला रे, आणि तुलाही बागेचा मिळेल. पण माझ्या माहेरी आज काय शिजवायचे, ते तिथली सून ठरवते, कारण चुलीपाशी ती उभी असते. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. वाईट तेव्हा वाटले असते, जर दिवाळीला भाऊ आला नसता."

एवढे बोलून ती आत गेली आणि भाच्यासाठी चकल्यांचा डबा बांधू लागली. मी निघालो तेव्हा भाचा कपाटासमोर उभा राहून ते कापलेले पारपत्र पुन्हा चाळीत होता. त्यातील एका पानावर २००५ च्या सुमाराचा, त्याच्या पहिल्या परतीचा शिक्का अजून स्पष्ट दिसत होता.